खंडेश्वर वगळून

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पाटी लागली. जठारपेठेतल्या आमच्या समोरच्या खोलीवर, शेजारच्या डेअरीच्या पाटीपेक्षा चांगली वीतभर मोठी. 'वऱ्हाड दर्शन. तीन दिवस, दोन जिल्हे. संचालिका: सौ. गीतांजली.' आडनावाला जागा उरली नाही म्हणून रंगाऱ्याने ते गाळून टाकलं. मी म्हटलं, राहू दे, उगाच अर्धंमुर्धं घुसडू नको.

डेअरीवाल्या चंदाताई बाहेर येऊन पाटी वाचून गेल्या. "अकोल्यात पाहाले येईन कोन वं?" एवढंच बोलल्या आणि दुधाच्या पिशव्या मोजायला बसल्या. हा प्रश्न मी महिनाभर ऐकते आहे. भावकीने विचारला, बँकेतल्या साहेबाने विचारला, माझ्या दातांच्या डॉक्टरने माझं तोंड उघडं असताना विचारला, म्हणजे उत्तर द्यायची सोय नाही.

उत्तर माझ्याकडे आहे. बारा-तेरा वर्षं यात्रा कंपनीत काढली. अख्खं वऱ्हाड आचारी आणि लोणच्याच्या बरण्यांसह काशीला नेलं, रामेश्वरला नेलं, केदारनाथला घोड्यावर बसवलं. गाडी मूर्तिजापूर ओलांडायच्या आत मला कळतं की कुणाला उलटी होणार आणि खिडकीवरून कोण भांडणार. आपण एवढं जग पाहून येतो, मग जगाने आपल्याकडे यायला काय झालं? पहिल्या दिवशी राजराजेश्वर, असदगड, बाळापूरचा किल्ला आणि छत्री. दुसऱ्या दिवशी अकोटवरून नरनाळा. तिसऱ्या दिवशी अमरावतीची अंबादेवी आणि पुढे रुक्मिणीचं कौंडण्यपूर. यात नाव ठेवायला जागा दाखवा.

ओमप्रकाशने दाखवली. हा माझा ड्रायव्हर, यात्रा कंपनीतला जुना माणूस. कागद पाहून म्हणाला, "ताई, तिसऱ्या दिवशी नांदगाव खंडेश्वर काहून नाही घेतलं? बडनेऱ्याहून वाटेवरच त हाये." मी म्हटलं रस्ता खराब आहे. तो म्हणाला रस्ता नवा झाला. मी म्हटलं देऊळ लहान आहे. तो म्हणाला लहान कशाचं, चांगलं काळ्या दगडाचं आहे. मग मी म्हटलं वेळ पुरत नाही. तीन कारणं झाल्यावर त्याने कागदाची घडी करून खिशात घातली.

८ नोव्हेंबर, शनिवार

रंगीत तालीम झाली. आमच्या ह्यांनी, म्हणजे देवानंदांनी, अकोटच्या जिनिंगमधून सुट्टी काढली. रोज एसटीने अकोटला जाणारा माणूस आज माझ्या गाडीतून अकोट ओलांडून गेला, त्याचाच त्यांना केवढा आनंद. रिकाम्या खुर्च्यांसमोर मी पूर्ण आवाजात माहिती सांगितली. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजासमोर उभी राहून बोलले तेव्हा दोन वनरक्षक आणि एक माकड थांबून ऐकत होते.

माझं हुकमाचं पान मात्र रुक्मिणी. तीर्थाच्या ठिकाणी लोक पुजाऱ्यासारखं गुळगुळीत सांगतात. मी तसं सांगत नाही. मी म्हणते, ही आपल्या गावची पोरगी. घरच्यांनी स्थळ ठरवलं होतं, हिने स्वतः निरोप पाठवला की येऊन घेऊन जा. अंबादेवीला दर्शनाला म्हणून निघाली आणि रथात बसली. मग मागून तिचा भाऊ रुक्मी धावला. गावभर सांगून निघाला, बहिणीला आणल्याशिवाय कुंडिनपुरात, म्हणजे आपल्या कौंडण्यपुरात, पाय ठेवणार नाही. हरला. आता बोललेलं मागे कसं घ्यायचं? म्हणून मग गावाबाहेरच भोजकट वसवून राहिला, परत घरी गेलाच नाही. भोजकट म्हणजे आपलं भातकुली, असं आमच्याकडे सांगतात. इथे मी थांबते आणि म्हणते, "बघा, पुरुषाचा ताठा. पोरगी सुखाने द्वारकेला, आणि हा बसला बाहेर." हशा नक्की.

देवानंद हसले नाहीत. म्हणाले, भावाचं थोडं कमी सांगितलं तरी चालेल. त्यांना गोष्ट सांगण्यातलं काही कळत नाही. कापसात आयुष्य गेलं.

१२ नोव्हेंबर

जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर सोडली, माझ्या केदारनाथच्या काळ्या चष्म्यातल्या फोटोसकट. दिवसभरात अकरा फोन. त्यातले बरेचसे नातेवाईक आणि एक जण गाडी विकायची आहे का विचारणारा.

एक मात्र धड होता. तरुण बाई, गोड आवाज. "मी संध्या बोलून राहिली, नांदगावची. तुमची गाडी खंडेश्वरले येते का?" मी म्हटलं नाही. "काहून नाही?" मी वेळेचं कारण सांगितलं. तिने विचारलं, गाडीत तुम्ही स्वतः असता का? मी म्हटलं, अर्थात, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत. मग म्हणाली, तुमची तब्येत फोटोत चांगली दिसून राहिली, आणि फोन ठेवला. आजकालचं गिऱ्हाईक जागरूक झालं आहे, संचालिका स्वतः येते की नाही हेही विचारून घेतं. चांगली गोष्ट आहे.

१७ नोव्हेंबर

पहिलं बुकिंग आलं, आणि अडलं.

नाशिकच्या सत्यवतीबाई. निवृत्त मुख्याध्यापिका. भिशीच्या मैत्रिणींचा गट, गाडी भरून जाईल इतक्या. दरवर्षी कुठेतरी जातात. या वर्षी म्हणे जिथे कुणीच जात नाही तिथे जायचं आहे. मी हे मनाला लावून घेतलं नाही. बारा ते चौदा डिसेंबर पक्कं होत आलं होतं, आणि त्या म्हणाल्या, "खंडेश्वरचं देऊळ यात दिसत नाही. त्याचा फोटो पाहूनच तर आम्ही तुमच्या भागाकडे वळलो. ते नसेल तर आम्हाला वेगळा विचार करावा लागेल."

मी म्हटलं, कळवते. पहिल्या बुकिंगला कळवते म्हणणारी संचालिका जगात मी एकटीच असेन. डिसेंबर रिकामा गेला तर ही पाटी उतरवायची, हे मी आणि देवानंदांनी आधीच बोलून ठेवलं आहे. यात्रा कंपनी मी सोडली तेव्हा मालकांनी हसून सांगितलं होतं, खुर्ची राखून ठेवतो. त्या खुर्चीवर मला परत बसायचं नाही.

१८ नोव्हेंबर

लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

नांदगाव माझं माहेर. आई-बाबा मी लहान असतानाच गेले. खुशालदादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा, त्याने आणि आशावहिनीने मला वाढवलं. वांगी-मिरचीची शेती होती. दादा भाजी घेऊन अमरावतीला निघाला की मला टेम्पोत पुढे बसवायचा आणि कॉलेजच्या दारात उतरवायचा. मैत्रिणी हसायच्या, माझ्या ओढणीला मेथीचा वास यायचा. तिथेच देवानंद भेटले. जात वेगळी. घरी दुसरीकडे बोलणी चालू होती. एक दिवस अंबादेवीला जाते म्हणून निघाले आणि तिथूनच गेले. रथ नव्हता, अकोल्याची एसटी होती, आणि तीही उभ्याने.

याला एकोणीस वर्षं झाली. दादाचा एक निरोप नाही. पहिल्या दिवाळीला मी भाऊबीजेच्या दिवशी नवी साडी नेसून बसले होते, दाराकडे पाठ करून, म्हणजे वाट पाहते आहे असं सासरच्यांना दिसू नये. कुणी आलं नाही. पुढच्या वर्षी साडी नेसले नाही. माझ्यासाठी घराचं दार लागलं ते लागलं. मला राग आहे, अजून आहे, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही. माहेरी बोलावल्याशिवाय जाणाऱ्यातली मी नव्हे.

पण देऊळ महादेवाचं आहे, माझ्या भावाचं नाही. गाडी पायथ्याशी लागेल, बायका वर जाऊन येतील, मी गाडीत बसेन. चाळीस मिनिटं. सत्यवतीबाईंना हो म्हणून कळवलं.

२५ नोव्हेंबर

नांदगावच्या संध्याचा पुन्हा फोन. मी सांगितलं, खंडेश्वर घेतलं आहे, चौदा तारखेला दुपारी. मागे कुणीतरी खोकलं आणि काहीतरी पुटपुटलं. मग तिने विचारलं, बायका जेवणार कुठे? मी म्हटलं, पुढे चांदूर रेल्वेला, नांदगावात जेवण नाही. मागून परत पुटपुटणं. "नाही म्हंजे, किती जनी असतीन?" मी म्हटलं, बाई, तुम्हाला बुकिंग करायचं आहे की स्वयंपाक?

ती हसली. म्हणाली, सासरे विचारून राहिले. मी मळ्यातून बोलते आहे, सासरे इथेच राहतात, घरी येत नाहीत. मी विचारलं, भांडण झालं का? ती म्हणाली, भांडण कुणाशीच नाही, आमच्या सासूबाई रोज दोन्ही वेळचा डबा घेऊन मळ्यात येतात. "लई जुनी गोष्ट हाये. गावासमोर बोलून बसले व्हते, का अमुक एक झाल्याबिगर घराची पायरी चढनार नाही. थे झालंच नाही. आमचं लगनही मळ्यातच लावलं, त्याइच्यासाठी."

मी तिला फुकटचा सल्ला दिला. यात्रेत असे हटवादी म्हातारे मी पुष्कळ पाहिले. त्यांच्याशी वाद घालायचा नाही, सरळ हात धरायचा आणि घरी आणायचं. संध्या म्हणाली, "आमच्या हातानं येत नाही ना थे."

गरीब बिचारी. सून म्हणून काय काय सोसावं लागतं. तिच्या सासऱ्यांचा खोकला जुना वाटला, नरनाळ्याची चढण त्यांना झेपायची नाही. बुकिंग केलंच तर खिडकीची जागा देईन.

३० नोव्हेंबर, रविवार

ओमप्रकाशला एकट्याला नांदगावला पाठवलं, गाडी कुठे लावायची ते पाहून ये म्हटलं. मी नसले तरी चालणारं काम आहे. संध्याकाळी परत आला तो झेंडूच्या फुलांची मोठी पिशवी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन. देवळापासून जवळच एक फुलांचा मळा आहे, तिथल्या म्हाताऱ्याने दिलं म्हणाला. पैसे घेतले नाहीत.

"लई चौकशी करे ताई थो मानूस. गाडी कोनाची, ताई कशी हाये, पोरंबाळं काय, तुमचे मालक चांगले वागते का."

मी म्हटलं, तू काय सांगितलंस? म्हणाला, सगळं खरं सांगितलं, मुलगा इंजिनीअरिंगला आहे, साहेब साधे आहेत आणि ताई कडक आहेत. त्यावर म्हातारा खूप वेळ हसला म्हणे. लहान गावात फुकटात जाहिरात होते ती अशी. आमच्या घरी तेव्हा फुलं नव्हती, म्हणजे हा मळा नंतर कुणीतरी केलेला दिसतो.

सांबारवड्या केल्या. जुड्या इतक्या ताज्या होत्या की चिरताना घरभर वास सुटला. देवानंद चार वड्या खाऊन म्हणाले, कुठला सांबार? नांदगावचा म्हटल्यावर पाचवी घेतली नाही.

१० डिसेंबर

परवा निघायचं आणि आज देवानंदांनी हे काढलं. चहा घेताना कपाकडे बघत म्हणाले, तुझा भाऊ आला होता. मी म्हटलं, कधी? तेव्हा, म्हणाले. आपण गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी. आपण अकोटला माझ्या मित्राकडे होतो. इथे घरी मोठे काका होते. त्यांनी दारातूनच परत लावलं, नको ते बोलले, गल्ली जमा झाली. दादाने हात जोडले होते म्हणे, बहिणीला भेटू द्या, लग्न मीच लावून देतो म्हणाला. काकांनी ऐकलं नाही. मलाही हे सहा महिन्यांनी समजलं, म्हणाले, आणि मग सांगायला तोंड राहिलं नाही.

मी कप उचलून आत नेला. नंतर बराच वेळ भांडी घासली. त्यांच्यावर ओरडले, दोनदा ओरडले. मुख्य राग याचा की हा माणूस माझ्या रुक्मिणीला हसत नव्हता तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पण नंतर मी विचार केला. आला होता, मान्य. परत लावला, वाईट झालं. काकाही आता राहिले नाहीत. पण एकोणीस वर्षांत परत एकदा यायला काय झालं होतं? फोन करायला? माझा नंबर तर आता पाटीवर आहे. त्याला यायचंच नव्हतं. परवाचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे. मी गाडीत बसणार.

१२ डिसेंबर, शुक्रवार

बायका उतरल्या. स्टेशनवर झेंडूचे हार घालून स्वागत केलं. सत्यवतीबाई उंच, ताठ, पांढरे केस बारीक कापलेले; हाताखाली चुकारपणा चालत नसणार. राजराजेश्वरला खूश, असदगडावर फोटो, बाळापूरच्या छत्रीत नदीचा वारा सुटला तेव्हा दोघी तिघींनी गाणी म्हटली. संध्याकाळी ज्वारीची भाकरी आणि झणझणीत पातोडीची भाजी. एकीच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिने परत मागून घेतली.

१३ डिसेंबर

नरनाळा जमला. महाकाली दरवाजासमोर सत्यवतीबाई म्हणाल्या, मी भूगोल शिकवला पण हे नकाशावर कधी दाखवलं नाही. मला हे वाक्य पाटीवर लिहावंसं वाटलं. पाय दुखतात. पाटी काही उतरत नाही आता.

१५ डिसेंबर, सोमवार

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज दुपारी दार लावून बसले आहे.

सकाळी अंबादेवीचं दर्शन झालं. बडनेऱ्याच्या पुढे गाडीत मी माइक घेऊन रुक्मिणीची गोष्ट सांगितली. रुक्मीचा ताठा सांगितला. हशा झाला. सत्यवतीबाईंनी हात वर केला, शाळेतल्यासारखा. म्हणाल्या, "त्याच्या बायकोचं काय झालं? तीही गेली का भोजकटला?" मी म्हटलं, पोथीत तसं काही दिलेलं नाही. एवढ्यात नांदगाव आलं.

गाव ओळखू येत नव्हतं, आणि मी खिडकीबाहेर बघतही नव्हते. देवळाच्या पायथ्याशी गाडी लागली, बायका वर गेल्या, मी माझ्या जागेवर बसून हिशेबाची वही उघडली. खिडकीच्या काचेवर टकटक झाली. डोक्यावर पदर घेतलेली एक पोरगी, पंचविशीच्या आतली.

"आत्याबाई, मी संध्या. नितेशची बायको."

नितेश. मी घर सोडलं तेव्हा चार वर्षांचा होता, माझ्या पाठीवर बसून आंबे पाडायचा. मी त्या पोरीकडे बघत राहिले आणि सगळं एकदमच कळलं. फोन, खोकला, झेंडू, सांबाराच्या जुड्या. ज्या म्हाताऱ्याला मी हटवादी म्हटलं, ज्याला हात धरून आणायचा सल्ला दिला, तो कोण होता. मी, जी गाडी मूर्तिजापूरला पोचायच्या आत माणूस ओळखते.

तरी मी विचारलं. तोंडाने ऐकायचं होतं. तुझे सासरे नेमकं काय बोलले होते?

"बहिनीले घेऊनच येतो, नाही त घराची पायरी चढत नाही. चौकात बोलले व्हते, साऱ्यासमोर. अकोल्याहून एकटेच परत आले, तइपासून मळ्यात." मग म्हणाली, "तुमाले सांगू नका म्हनत. सांगितलं त कीव करून येईन म्हने. तिच्या मनानं आली त येऊ द्या."

मला पहिल्यांदा रागच आला. एकोणीस वर्षं. कुणी सांगितलं होतं चौकात उभं राहून बोलायला? घरात बोलला असता तर रात्रीतून विसरला असता. पण आमच्याकडे माणूस चौकात बोलला की संपलं. गाव विसरत नाही आणि तो गावाला विसरू देत नाही. माझ्यासाठी दार लागलं असं मी समजत होते, आणि दार त्याने स्वतःला लावून घेतलं होतं. मी गाडीतून उतरले. चपला घालायच्या राहिल्या, ते मळ्यात ढेकळं टोचली तेव्हा लक्षात आलं.

झेंडूच्या वाफ्यांपलीकडे पत्र्याची खोली, बाहेर बाज. दादा बाजेवर बसला होता. केस पूर्ण पांढरे. नुकतीच दाढी केलेली, हनुवटीवर कापलेलं. इस्त्रीचा सदरा, घडीच्या रेघा तशाच. मला वाटत होतं दादा उंच आहे. तो उंच नाही.

"आली का," तो म्हणाला.

"आली."

"गाडी भरली व्हती का?"

"पूर्ण भरली, दादा."

त्याने मान हलवली, समाधानाने, बाजारातून परतलेल्या माणसाची चौकशी करून झाल्यासारखी. तो वाफ्यांकडे बघत होता. मी रडत होते, ते लपवायला गेले नाही. शेवटी मी म्हटलं, "चाल घरी. तुले घ्याले आली मी." माझ्या तोंडून आमची बोली किती दिवसांनी निघाली.

तो उठला नाही. हात गुडघ्यांवर ठेवून म्हणाला, "मी तुले आनाचं व्हतं. तू मले घ्याले आली, थे कसं चालीन? लोक काय म्हनतीन."

हटवादी तर हटवादीच. एकोणीस वर्षांत बाकी सगळं झिजलं, एवढं जसंच्या तसं. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "मंग आन ना. मी उभी हाये."

तेव्हा तो उठला. माझं मनगट धरलं, लहानपणी बाजाराच्या गर्दीत धरायचा तसं घट्ट, आणि चालायला लागला. गाडीपाशी बायका परत आल्या होत्या. संध्याने त्यांना काय सांगितलं कोण जाणे, कुणीही एक प्रश्न विचारला नाही. सत्यवतीबाईंनी माझ्या चपला पायापाशी आणून ठेवल्या. मी म्हटलं, कार्यक्रमात थोडा बदल आहे. त्या म्हणाल्या, आम्ही चालतच येतो मागून.

आणि तशाच आल्या. पुढे मनगट धरून दादा, मागे मी, त्यामागे नाशिकचं अख्खं भिशी मंडळ आणि सगळ्यात शेवटी हळूहळू ओमप्रकाशची रिकामी गाडी. चौकातून गेलो. पानठेल्यावरचे लोक उठून उभे राहिले. एक म्हातारा म्हणाला, "आनली का खुशालराव?" दादाने त्याच्याकडे न बघता सांगितलं, "आनली."

पुढचं कौंडण्यपूर लिहीत नाही. उन्हं कलल्यावर पोचलो, वर्धा नदी छान दिसत होती, मी काय माहिती सांगितली ते मला आठवत नाही. तक्रार कुणाची नाही. जाताना सत्यवतीबाईंनी पुढच्या वर्षीच्या दोन गटांचं नक्की केलं आणि म्हणाल्या, खंडेश्वर वगळायचं नाही. यात्रा कंपनीच्या मालकांना सकाळीच फोन करून सांगितलं, ती खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या.

पण घराच्या पायरीचं लिहायचं राहिलं.

आशावहिनी दारात उभी होती. स्वयंपाक तयार होता, गाडीभर बायकांचा. वास रस्त्यावर येत होता. हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. मला वाटलं, आता माझ्यावरून ओवाळणार, आणि मी पदर नीट करून पुढे झाले. वहिनीने मला हाताने हलकेच बाजूला केलं. तिने तुकडा दादावरून ओवाळला. सावकाश, तीनदा, त्याच्या तोंडाकडे न बघता, बाहेरगावाहून आलेल्या माणसावरून ओवाळतात तसा. रोज दोन वेळा डबा घेऊन ती या माणसाला भेटत होती. तुकडा फेकला, त्याच्या पायावर पाणी घातलं. मग माझ्याकडे वळली. मला क्षणभर वाईट वाटलं होतं, पण तेवढंच.

दादाने माझं मनगट सोडलं नव्हतं. पायरी आम्ही दोघांनी बरोबरच चढली.

आत गेल्यावर तो मधल्या खोलीत उभा राहिला. भिंतीचा रंग बदललेला, नितेशच्या लग्नातलं कपाट, टीव्ही, नवीन फरशी. तो सगळीकडे बघत होता, पण पाहुणा बघतो तसं, कशाला हात न लावता. आम्ही बायका दारात थांबलो होतो. आत जावं की नाही कुणालाच कळेना. तो घसा खाकरून म्हणाला, "पान्याचा माठ कुठं ठेवते आता?"

वहिनी चुलीकडे वळली होती. तिथूनच म्हणाली, "जिथं व्हता तिथंच हाये."

दादा कोपऱ्यात गेला आणि आपल्या हाताने पाणी घेऊन प्याला.